खर्जातले सोबती

रॉक संगीत म्हटलं की बहुतेकांना गिटार आठवते. लांब केसांचा, डोळे मिटलेला एक माणूस आणि त्याच्या बोटांखालून निघणारी किंकाळी. मला आधी दिसतो तो त्याच्या मागे, ड्रमच्या कडेला उभा असलेला दुसरा माणूस. चार जाड तारांची बेस गिटार गळ्यात अडकवलेला, फारसा न हलणारा. मीही आयुष्यभर त्याच जागी उभा राहिलो. ऑर्केस्ट्रा, जाहिरातींच्या जिंगल्स, नाटकांचं पार्श्वसंगीत, गणपतीतले कार्यक्रम; पोट बेसवर चाललं आणि मन तर त्याआधीच तिथे जाऊन बसलं होतं. ते तिथे नेलं सत्तरीच्या दशकात कानावर पडलेल्या काही इंग्रजी गाण्यांनी. साथ करणं हे दुय्यम काम नाही, हे मला कुणी सांगून पटलं नसतं. त्या गाण्यांनी ते ऐकवून पटवलं.

आमचं घर गिरगावात, चाळीत. अण्णा बँकेतून आले की चहा पिऊन तबल्याला हात लावायचे, आणि एकादशीला भजनी मंडळात त्यांचा ठेका ठरलेला. बुवा बदलायचे, अण्णा तेच. त्यामुळे गाणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल मला लहानपणापासून आदर होता. पण रॉक आमच्याकडे पोचलं ते एका टू-इन-वनमधून, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रातून, आणि त्याचा स्पीकर जेमतेम तळहाताएवढा. त्यातून गायकाचा आवाज यायचा, गिटार यायची, झांजांची चुरचुर यायची. बेस जवळजवळ यायचाच नाही.

यामागचं कारण मला फार पुढे कळलं. बेस गिटारची सर्वांत खालची तार एका सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. एवढा खर्ज हवेत ढकलायला मोठा पडदा लागतो, तो लहान स्पीकरकडे नसतो. मग ऐकू येतात फक्त त्या सुराचे वरचे स्वरांश, म्हणजे ८२, १२३ आणि त्यापुढचे कंप. गंमत अशी की, त्या वरच्या स्वरांवरून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच उभा करतो. जो सूर खोलीत नाही, तो कानाला भासतो. मी तासन् तास टेपरेकॉर्डरला कान लावून बसायचो, ते या भासापायी. गाण्याखाली काहीतरी चालतंय, गाण्याला कुणीतरी खालून ढकलतंय, एवढं जाणवायचं. हात लागायचा नाही.

तो सूर खरोखर भेटला धोबी तलावला. आमच्या घरून ठाकुरद्वारवरून सरळ चालत गेलं की जेर महालची इमारत लागते. तिथे गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक उतरण्याच्या जागा होत्या. बोटीवर नोकरी करणारे गोवेकर दोन सफरींच्या मधे तिथे उतरत. प्रत्येक कुडाला आपलं गाव, आपली वेदी, भिंतीला लावलेल्या ट्रंका. परदेशी रेकॉर्डी मुंबईत दुकानांतून मिळायच्या त्याहून अधिक या ट्रंकांतून उतरायच्या, असं माझं ठाम मत आहे. माझ्या शाळेतल्या मित्राचे मामा बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. त्यांचं बिऱ्हाड जवळच, कावेलमध्ये. त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन भले थोरले लाकडी स्पीकर होते आणि त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. त्या स्पीकरांवर मी पहिल्यांदा डीप पर्पल या इंग्लिश बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' ऐकलं.

हे गाणं आधी टेपवर ऐकून पाठ होतं. गिटार शिकणाऱ्या जगातल्या प्रत्येक मुलाला त्याचे सुरुवातीचे सूर येतात. ते कसं जन्मलं तेही सगळ्यांना ठाऊक असतं. १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी ही मंडळी रेकॉर्ड करायला गेली, तिथल्या कॅसिनोत फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात आग लागली, इमारत भस्मसात झाली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. काही दिवसांनी झोपेतून जागा होताना ते शीर्षक ज्याच्या तोंडून निघालं, तो रॉजर ग्लोव्हर त्यांचा बेस वाजवणारा. गाणं सुरू होतं तेव्हा मात्र ग्लोव्हर गप्प असतो. आधी गिटार एकटी. मग ऑर्गन आणि हाय-हॅट, म्हणजे ड्रमबरोबरची पायाने मिटणारी झांजांची जोडी. मग बाकीचे ड्रम. आणि सगळे जमल्यावर शेवटी बेस आत येतो.

मामांच्या स्पीकरवर तो आत आला तेव्हा मला तो पायांतून कळला. जमीन लाकडी होती, पायांखालची फळी थरथरली. तोवर जे एक छान वाजणारं वाद्य होतं, त्याचं त्या क्षणी गाणं झालं. सूर काय, तर जवळजवळ एकाच स्वराचे सरळ, सलग ठोके. करामत काहीही नाही. पण त्यानंतर गिटारचे तेच सूर वेगळे वाटू लागले, वजनदार, जागच्या जागी बसलेले. मामांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. या माणसाचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे.

घरी मी अण्णांना यातलं काही ऐकवायचं धाडस बरेच दिवस केलं नव्हतं. एका रविवारी दुपारी पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावलं होतं, ते बाहेर पेपर वाचत होते. गाण्याच्या सुरुवातीला नाणी पडल्याचे, गल्ल्याच्या यंत्राचे, कागद फाटल्याचे आवाज येतात. १९७३ च्या त्या रेकॉर्डसाठी रॉजर वॉटर्सने ते आवाज टेपवर घेऊन, टेपचे तुकडे मोजून कापून, चिकटवून त्याचं कडं केलं होतं. म्हणजे ताल वाद्यांच्या आधीच, नाण्यांवर सुरू होतो. मग त्याच मापात बेस येतो, वॉटर्सचाच. अण्णांचा पेपर खाली आला. मांडीवर बोटं पडायला लागली.

"सात आहेत," ते म्हणाले. "पण रूपक नाही हा. रूपकाची सम म्हणजे खाली, बिनजोराची मात्रा. हा समेवरच पाय आपटतो."

मी पुढे जाऊन आवाज वाढवला. सॅक्सोफोनचा सोलो सातातच होतो. गिटारचा सुरू झाला तसे अण्णा लगेच म्हणाले, "आता चारात आला." आणि गिटार संपून बेस पुन्हा सातावर आला तेव्हा त्यांनी मांडीवर अशी थाप दिली की आई आतून बघायला आली. त्या दिवसापासून इंग्रजी गाण्यांना आमच्या घरात ताल या एका निकषावर प्रवेश मिळाला. शब्दांशी अण्णांना देणंघेणं नव्हतं. लेड झेपेलिनचं 'कश्मीर' त्यांना त्याहून आवडलं. १९७५ च्या त्या गाण्यात ड्रम चारात चालतात आणि वरची गिटारची ओळ तिनात, दोघं बारा मात्रांनी एकत्र येतात. अण्णा त्या भेटीच्या जागेची वाट बघत बसायचे आणि ती आली की माझ्याकडे बघायचे. बापलेकांत याहून जास्त बोलण्याची गरज असते असं मला वाटत नाही.

बेस गिटार हाताशी आली ती कॉलेजच्या पहिल्या वर्षी. ऑर्केस्ट्रातल्या एका गोवेकर वादकाने हात दुखायला लागल्यावर विकायला काढली होती. लाकूड चांगलं, तारा मेलेल्या. बेसच्या नव्या तारा तेव्हा आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्या. धोबी तलावच्या फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन काचेतून बघून यायचो. मग त्या गोवेकर अंकलनीच उपाय सांगितला. जुन्या तारा उतरवायच्या, पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडायच्या, बोटांचा घाम आणि मळ सुटून जातो, पुसून कोरड्या केल्या की काही दिवस नव्यासारख्या खणखणतात. आईने त्यासाठी एक पातेलं कायमचं वेगळं काढून दिलं.

अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न लॅमिंग्टन रोडने सोडवला. मित्राचा भाऊ रेडिओ दुरुस्त करायचा, त्याने जुन्या सुट्या भागांतून एक खोकं जुळवून दिलं. बेसचा भार त्याला फार पेलवायचा नाही, पण घरात सरावाला पुरे. बऱ्याच वर्षांनी क्वीन या बँडच्या बेसवाल्याची, जॉन डीकनची गोष्ट वाचली तेव्हा ते खोकं डोळ्यांपुढे आलं. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत त्याला एक सर्किट सापडलं. त्याने ते घरी नेऊन एका स्पीकरच्या खोक्यात बसवलं, बॅटरीवर चालणारा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला. क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे याने त्यात आपली गिटार लावून पाहिली आणि पुढे क्वीनच्या रेकॉर्डींवर गिटारींचे जे थरावर थर ऐकू येतात, ज्यांना लोक व्हायोलिन किंवा ट्रम्पेट समजतात, त्यांतले कितीतरी त्या खोक्यातून काढले. जगभर त्या आवाजाचं कौतुक झालं ते गिटारवाल्याच्या नावाने. डीकनला त्याचं काही वाटलं असेल असं त्याच्या एकंदर वागण्यावरून दिसत नाही.

क्वीनवर मराठी माणसाचं प्रेम जरा हक्काचं असतं, कारण त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्सचा विद्यार्थी. फारुख बलसारा हे त्याचं नाव आमच्याकडच्या पारशी मंडळींना नीट उच्चारता येतं. पाचगणीतच शाळेतल्या मुलांबरोबर त्याने पहिला बँड काढला, तिथे तो पियानो वाजवायचा. हे सगळं मला प्रिय आहे. पण क्वीनमधला माझा माणूस डीकन. १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याने लिहिलं आणि त्यातला बेस ऐकून मी शिकलेलं बरंचसं विसरून पुन्हा शिकायला बसलो. त्या ओळीत सुरांइतकीच महत्त्वाची आहे ती मधली रिकामी जागा. तीन ठोके, आणि थांब. त्या थांबण्यात तार नुसती सोडून दिली तर ती घुमत राहते आणि सगळं पसरतं. ती डाव्या हाताने वेळेवर दाबून गप्प करावी लागते. म्हणजे सूर कधी सुरू करायचा याइतकाच तो कधी संपवायचा हा निर्णय. माझ्या उजव्या हाताचं कौतुक करणारे पुष्कळ भेटले, पण पोटापाण्याचं काम केलं ते डाव्या हाताच्या या सवयीने. स्टुडिओत दुसरी संधी मिळते ती वेळेवर गप्प होणाऱ्याला.

डीकन क्वीनमध्ये सर्वांत शेवटी आला, १९७१ मध्ये. मर्क्युरी गेल्यानंतर काही वर्षांत तो संगीतातून बाजूला झाला आणि मग सार्वजनिक आयुष्यातूनही. बाकीचे दोघे त्यानंतरही त्या नावाने कार्यक्रम करत राहिले. त्यांचा मला राग नाही, पण मी ते कार्यक्रम बघत नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला ईगल्स या बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' वाजवणं हा त्या काळी मुंबई-पुण्यात जवळजवळ नियम होता. गाण्याचा शेवट म्हणजे दोन मिनिटांहून अधिक चालणारी दोन गिटारींची जुगलबंदी, डॉन फेल्डर आणि जो वॉल्श. आमच्या दोन्ही गिटारवाल्यांनी ती टेप पुढे-मागे करून झिजवली होती. तेव्हा कागदावर लिहिलेलं काही मिळत नसे. कानाने काढायचं आणि हाताला शोधू द्यायचं. मी त्या टेपमधून रँडी मेइस्नरचा बेस शोधत होतो. वाटतं त्यापेक्षा तो फार विरळ वाजतो. जमैकातल्या रेगे संगीताच्या अंगाने, एक पाऊल टाकून थांबणारा. गाण्याला नाव नव्हतं तेव्हा ही मंडळी त्याला 'मेक्सिकन रेगे' म्हणायची, ते या चालीमुळे. आम्ही पहिल्यांदा तालमीत वाजवलं तेव्हा शेवटच्या भागात मी भर घालू लागलो की गिटारी गढूळ व्हायच्या आणि विरळ वाजवलं की दोन्ही गिटारी स्वच्छ दिसायच्या. हे पालिकेच्या शाळेच्या एका वर्गात, बाकं भिंतीला सरकवून, उन्हाळ्यात घामाघूम होऊन कळलं. गॅदरिंगला टाळ्या त्या दोघांना पडल्या. त्या टाळ्यांत माझ्या न वाजवण्याचा वाटा किती, ते त्या दोघांना पक्कं माहीत होतं आणि आजही भेटलो की ते बोलून दाखवतात.

मेइस्नर २०२३ च्या जुलैमध्ये गेला. ईगल्सच्या संस्थापकांपैकी एक. सर्वांत वरच्या पट्टीत गाणारा हा सर्वांत खालचं वाद्य वाजवणारा माणूस. लोकप्रियता टिपेला असताना, १९७७ मध्येच तो बँडमधून बाहेर पडला होता. बातमी आली त्या रात्री मी हेडफोन लावून ते गाणं पुन्हा ऐकलं, फक्त त्याच्यासाठी, आणि गिटारी सुरू झाल्यावरही कान त्याच्यावरून हलू दिला नाही. एवढी वर्षं वाजवूनही त्यात मला दोन जागा नव्या सापडल्या.

लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स मात्र माझ्यासाठी या सगळ्यांच्या वर आहे, आणि त्याचं कारण धंद्याचं आहे. झेपेलिनच्या आधी तो लंडनच्या स्टुडिओंतला रोजंदारीचा वादक होता, संगीत संयोजक होता. सकाळी एकासाठी, दुपारी दुसऱ्यासाठी. रोलिंग स्टोन्सच्या 'शीज अ रेनबो'मधली तंतुवाद्यं त्याने बांधली. आम्ही ताडदेव, महालक्ष्मी, अंधेरीच्या स्टुडिओंत जे करत आलो तेच हे काम. आणि तिथून उठून तो अशा बँडमध्ये गेला जिथे त्याला हवं ते वाजवायची मोकळीक होती. तेव्हा त्याने काय केलं? 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीला गिटारच्या सोबत बासरीसारखी जी वाद्यं वाजतात, ती रेकॉर्डर नावाची लाकडी वाद्यं त्याने वाजवली. आठ मिनिटांचं गाणं, ड्रम येतात ते चार मिनिटं उलटून गेल्यावर. जॉन बॉनमसारखा दांडगा ड्रमर अर्धं गाणं हात बांधून बसतो आणि बेसवाला फुंकर घालतो. गाण्याला तिथे जे हवं ते द्यायचं. आपल्याकडे ख्यालात विलंबितापासून द्रुतापर्यंत जाणारी वाट ज्यांच्या ओळखीची आहे, त्यांना हे गाणं परकं वाटायचं कारण नाही. अण्णा एकदा ते पूर्ण ऐकून म्हणाले होते, "घाई नाही कुणाला."

याच बँडमधले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत येऊन गेले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. जोन्स त्यांच्याबरोबर नव्हता. ते ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ मध्ये. तोवर मी त्याच शहरात, त्याच परंपरेतल्या वादकांशेजारी बसून अर्धं आयुष्य काढलं होतं. 'फोर स्टिक्स'मध्ये पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल आहे. आपले लोक ती ज्या सहजतेने उचलतात ते ऐकताना मला अभिमान वाटला, आणि अण्णा ते ऐकायला नव्हते याचं वाईट वाटलं. १९७२ मध्ये ते गिरगावात होते, काही मैलांवर हे चाललं होतं, आणि आमच्या चाळीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

अण्णांनी मला बेस वाजवताना खूप वेळा ऐकलं. त्यांना सर्वांत आवडलेला कार्यक्रम आमच्याच वाडीच्या गणपतीतला, जिथे मी इंग्रजीतलं एकही गाणं वाजवलं नव्हतं. भावगीतं, कोळीगीतं, दोन लावण्या. घरी येताना जिन्यात ते म्हणाले, "बोल नव्हते तुझ्या हातात आज. नुसता डग्ग्याचा घुमारा होता. तेवढाच पाहिजे." हा घुमारा मी माँत्रोहून आणि लंडनहून उचलला होता, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

आता माझ्याकडे मुलं शिकायला येतात. त्यांचं संगीत पुन्हा तळहाताएवढ्या स्पीकरमधून येतं, मोबाइलच्या, म्हणजे आमच्या टू-इन-वनहूनही लहान. खर्ज पुन्हा भासाचा झालाय. म्हणून पहिल्या दिवशी मी कुणाच्या हातात बेस देत नाही. चांगले हेडफोन देतो आणि बीटल्सचं 'समथिंग' लावतो, १९६९ चं. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, बेस पॉल मॅकार्टनीचा. गायकाच्या ओळीखाली मॅकार्टनी आपली एक स्वतंत्र चाल म्हणत असतो, पण शब्दावर पाय देत नाही. गायक श्वास घेतो तिथे तो बोलतो. ती चाल तोंडाने गाऊन दाखवायची, हा पहिला गृहपाठ. जो गाऊ शकतो त्याला वाद्य मिळतं. मुलं सुरुवातीला गोंधळतात, कारण हे गाणं आपल्याला पाठ आहे अशी त्यांची खात्री असते.

त्यानंतर १९६६ ची ती छोटी रेकॉर्ड, एका बाजूला 'पेपरबॅक रायटर', दुसऱ्या बाजूला 'रेन'. त्याआधी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बेस जपून, दबका ठेवत. खर्ज जास्त झाला तर ग्रामोफोनची सुई खाचेतून उडेल ही भीती होती. 'पेपरबॅक रायटर'साठी जेफ एमरिक या तरुण ध्वनिमुद्रकाने बेसच्या स्पीकरसमोर मायक्रोफोनऐवजी दुसरा मोठा स्पीकर उभा केला आणि त्यालाच मायक्रोफोनसारखं वापरलं, कारण एवढा खर्ज पेलणारा पडदा त्याच्याकडेच होता. 'रेन'मध्ये वाद्यमेळ जलद वाजवून टेपचा वेग कमी केला, त्यामुळे सगळंच जड, ओलं, खाली बसल्यासारखं वाटतं आणि मॅकार्टनी त्यात मुक्त फिरतो. तुमच्या घरात मोठे स्पीकर असतील तर आवाज थोडा वाढवून ही दोन्ही गाणी लागोपाठ लावा. शेजारी तक्रार घेऊन आले तर त्यांनाही बसवून घ्या आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवा.